मागल्या दारची उघडी जमीन

मायच्या घराच्या मागल्या दारी मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात. एकदा हातात कपाशीची वाळकी पऱ्हाटी होती, ती मी एका भेगेत सोडून पाहिली. कोपरभर आत गेली तरी तळ लागेना. भेगेची कड विटेसारखी टणक, पण बोटं आत सारली तर दोन वितींखाली माती अजून गार होती. त्याच जागी जुलैत पाय ठेवला तर चप्पल मातीतच राहते आणि पाय तेवढा वर येतो. अमळनेरकडची आमची काळी जमीन ही अशी. उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू वर्षातून दोनदा हलवते.

घराच्या मागे अशा जमिनीचा 35 बाय 45 फुटांचा तुकडा आहे. गेली काही वर्षं नाशिकहून अमळनेरला जाताना गाडीत माझ्या डोक्यात तोच असतो.

आबा, म्हणजे माझे वडील, होते तेव्हा हा तुकडा भरलेला होता. शेवगा, कागदी लिंबू, कढीपत्त्याचं बन, मोगरा, हिवाळ्यात भरताच्या वांग्यांचे दोन वाफे. आबा गेल्यावर दोन उन्हाळे मायच्यानं पाणी घालणं झालं नाही. पुढे शोषखड्डा नव्यानं काढावा लागला, त्या खोदकामात उरलंसुरलंही गेलं. राहिली ती सपाट, उघडी माती आणि मधोमध धुण्याचा दगड. माय 74 वर्षांची. दोन्ही गुडघे धरलेले, चालताना काठी लागते. भाऊ पुण्याला, मी नाशिकला. माझं महिन्यातून एकदा, दोन दिवस जाणं होतं. तेव्हा आम्ही बहीणभावांनी ठरवलं की मागे बाग करायची, पण कमी देखभालीची.

हे शब्द सगळे वापरतात आणि त्यांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. आम्ही ज्या कारागिराला काम दिलं त्याच्या मनातला अर्थ असा होता: जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरायचं, त्यावर पांढरे गोटे पसरायचे, कडेनं 25 कुंड्या मांडायच्या आणि दारापुढे हिरवळीचा एक चौकोन करायचा. फोटोत ते फार सुंदर दिसलं. मी स्वतः होकार दिला होता, म्हणून त्याला एकट्याला दोष देत नाही.

एप्रिल लागला तसे गोटे तापू लागले. आमच्याकडे मेमध्ये पारा 44-45 वर जातो हे मला ठाऊक होतं, पण तापलेला दगड रात्री दहा वाजेपर्यंत मागच्या भिंतीवर झळ टाकत राहतो हे मी तिथे उभी राहिले तेव्हा कळलं. कुंड्यांची माती सकाळी भिजवावी तर दुपारी दोनला वाळलेली. एका कुंडीला एका वेळी दोन लिटर, दोन वेळा, 25 कुंड्या: रोजचं 100 लिटर पाणी मग्ग्यानं घालायचं, आणि घालणार कोण तर काठी टेकत चालणारी बाई. हिरवळ मेच्या पहिल्या आठवड्यात गेली. पाऊस लागला तेव्हा प्लास्टिकखाली पाणी साचलं, काळी माती फुगून गोट्यांमधून वर आली, आणि लव्हाळा प्लास्टिकला टाचणीसारखी भोकं पाडून जागोजाग उभा राहिला. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण गोट्यांवर मायची काठी टेकेना. टेकली की सरकायची. दोनदा ती जेमतेम सावरली, आणि त्यानंतर तिनं मागचं दार उघडणंच सोडलं. मी श्रावणात गेले तेव्हा कडीवर धूळ होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून माय रोज पहाटे ते दार उघडत आली होती. त्या कडीवरची धूळ पाहून मला जे झालं ते मी भावाला फोनवरही नीट सांगू शकले नाही.

गोटे उचलले. प्लास्टिक काढलं. कुंड्या ओळखीपाळखीत वाटून टाकल्या. शेजारच्या तात्यांनी आयुष्यभर शेती केली आहे. ते कुंपणापलीकडून म्हणाले, "ताई, आता एक वरीस काही लावू नका. नुसतं बघा." मला घाई होती, पण त्यांचं ऐकलं. एक वही केली. मी असेन तेव्हा मी लिहायची, नसेन तेव्हा माय रात्री फोनवर सांगायची: आज पाणी कुठे साचलं, ऊन कुठवर आलं, वारा कुठून होता.

घर पूर्वाभिमुख, म्हणजे मागचं अंगण पश्चिमेला. सकाळी घराचीच सावली अंगणात असते. दुपार कलली की सगळं ऊन मागच्या भिंतीवर. माझी समजूत होती की सावलीचं झाड दक्षिणेला लावायचं. वहीनं ती मोडली. आपला खान्देश 21 अंश अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. तिथून तो जो उतरतो तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडून. म्हणजे ज्या दिवसांत सावली जिवाला हवी, त्या दिवसांत ऊन पश्चिम-वायव्येकडून येतं. डिसेंबरात हाच सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि नैऋत्येला मावळतो, आणि तेव्हा ते तिरपं ऊन मायच्या गुडघ्यांना हवं असतं. झाड कुठे लावायचं आणि कुठे मुळीच लावायचं नाही, दोन्ही गोष्टी अशा ठरल्या. मेमध्ये पाच फुटांची काठी रोवून मी साडेचारच्या सुमारास सावली मोजली, ती साधारण साडेसात फूट भरली. दीडपट. म्हणजे उद्या 20 फुटांचं झाड झालं तर त्याची सावली त्या वेळी 30 फूट येईल. झाड भिंतीपासून 25 फुटांवर लावलं तरी ओट्यापर्यंत सावली पोचते. भिंतीला खेटून लावायची गरजच नाही, आणि काळ्या जमिनीत तसं लावूही नये. मुळं घराच्या पायाखालचं पाणी ओढतात, माती आणखी आकसते आणि भिंतीला तडे जातात. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली तिरपी चीर जुन्या शेवग्याच्या बाजूचीच आहे.

माय त्या वर्षात एकदा ओट्यावर उभी राहिली, काठीचं टोक वायव्येकडे केलं, मग पायाशी आणलं आणि म्हणाली, "झाड तठे. आठे मी बठसू." माझ्या वहीची चार पानं तिनं एका वाक्यात सांगितली.

मग पाण्याचा हिशेब. वस्तीत नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात तर दिवसांचं अंतर वाढतच जातं. बोअरला मार्चनंतर धार बारीक होते. पण दोन पाणी असे होते ज्यांच्याकडे आम्ही पाहिलंच नव्हतं. एक मोरीचं. माय एकटी राहते तरी आंघोळीच्या दोन बादल्या आणि धुण्याच्या दोन धरल्या तर दिवसाला 60 लिटर आलंच, आणि ते बाराही महिने, न चुकता. दुसरं गच्चीचं. गच्ची हजार चौरस फुटांची. वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटर धरला तर तिच्यावर 55 हजार लिटर पाणी पडतं. ते आजवर पन्हाळीतून पायाशी सांडत होतं आणि तिथली माती फुगवत होतं.

हा हिशेब मांडताना मला आबांची आठवण आली. आबांचं मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिथल्या फडपद्धतीबद्दल ते लहानपणी आम्हाला सांगत. नदीवर जुने दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. शेतं वेगवेगळ्या धन्यांची, पण एका फडात सगळ्यांचं पीक एक. उसाचा फड असेल तर सगळा ऊस, हंगामी पिकाचा असेल तर सगळं हंगामी. पाणी कधी सोडायचं ते पाटकरी पाहणार, राखण जागल्या करणार. शेकडो वर्षं ही व्यवस्था लोकांनी स्वतः चालवली. आबा म्हणायचे, तहान सारखी असलेल्यांना शेजारी बसवलं की भांडण होत नाही. मी बागकामाचं बरंच वाचलं आहे. 'पाण्याच्या गरजेप्रमाणे झाडांचे गट करा' हे त्यात सगळीकडे असतं. ते मला नवीन वाटलं नाही, कारण माझ्या आजोबांच्या शेतात पाणी त्याच हिशेबानं फिरत होतं.

म्हणून मागच्या अंगणाचे आम्ही तीन फड केले. मायनं त्यांना तेच नाव दिलं आणि आता घरात तोच शब्द चालतो.

मोरीचा फड दाराच्या उत्तरेला, सर्वात ओला. तिथे केळीचे दोन खुंट, अळू आणि कर्दळ. मोरीचा पाइप एका उथळ चरात सोडला आहे आणि चराला तोंडं दोन. महिन्यानं एक बंद करून दुसरं उघडायचं, म्हणजे साबणाचं पाणी एकाच जागी मुरून माती खारट होत नाही. केळी हे जळगाव जिल्ह्याचं पीकच, रावेर-यावलकडे मैलच्या मैल केळी दिसते. पण तिला पाणी किती लागतं हे तिकडच्या शेतकऱ्याला विचारावं. मोरी नसती तर मी केळी लावली नसती. आता ते पाणी तिला आयतं मिळतं आणि त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही.

मधला फड ओट्याजवळचा. कढीपत्ता, गवती चहा, एक तगर आणि तुळशीचं वृंदावन. संपूर्ण अंगणात कुंडी म्हणावी अशी ही एकच, आणि तिला पाणी घालणं माय काम मानत नाही, तो तिचा नेम आहे. लिंबाचा इथे हट्ट होता, तो मीच सोडला. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. मग फवारण्या आल्या. पानं खाणाऱ्या अळ्या आल्या. दोन लिंबं बाजारातून आणलेली बरी. मोगऱ्याचंही तेच झालं असतं. मोगऱ्याबद्दल मात्र मला अजून वाईट वाटतं.

तिसरा फड कोरडा, आणि तोच सर्वात मोठा. अंगणाचा निम्म्याहून जास्त भाग. इथे दोन वर्षं पाणी द्यायचं, नंतर पावसावर सोडायचं, या बोलीवर झाडं निवडली. वायव्येला भिंतीपासून 25 फुटांवर कडुनिंब. कुणी म्हणालं, कडुनिंब कशाला, काहीतरी वेगळं लावा. पण आमच्या भागात ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीनं गच्च भरलेलं झाड शोधायला गेलात तर कडुनिंबच भेटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं गाळतो आणि लगेच तांबूस पालवी फुटते, म्हणजे हवी तेव्हा सावली तयार. बहावा मला जिवापाड आवडतो, आणि लावलाही आहे, पण सावलीच्या जागी नाही. तो मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो आणि त्याच वेळी त्याच्या अंगावर पान फारसं नसतं. तो कुंपणाशी, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असा. सीताफळाची दोन झाडं, कारण बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि माळावर बिनपाण्याचं उभं राहणारं ते झाड आहे. कुंपणाच्या कडेनं अडुळसा, त्यालाही बकरी शिवत नाही आणि घरात खोकला झाला की पानं हाताशी. कण्हेर मी टाळली. तिच्याइतकी सोशिक दुसरी नाही, पण ती विषारी, आणि सुट्टीत घरात नातवंडं असतात. पांढरा चाफा फांदीवरून केला: फांदी कापली, चीक वाळायला आठवडाभर सावलीत आडवी ठेवली, मग उंचवट्यावर रोवली. काळ्या मातीत सपाट जागी रोवली असती तर पावसाळ्यात बुडातून कुजली असती. शेवग्याला या वेळी जागा दिली नाही. फांद्या ठिसूळ, वादळात कपड्यांच्या दोरीवर पडतात, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थर बसतात. शेंगा तात्यांकडून येतात.

खड्ड्यांचं एक सांगितलंच पाहिजे, कारण झाडं मरतात ती बहुधा तिथे. दोन बाय दोन बाय दोन फुटांचे बारा खड्डे एप्रिलमध्ये खणले आणि महिना-दीड महिना तापू दिले. काळ्या जमिनीतला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. पाण्याला खाली वाट नसते, रोपाची मुळं गुदमरतात. म्हणून बुडाशी मुरूम, वर निघालेली माती, मुरूम आणि शेणखत कालवून भरलं, ते जमिनीच्या वर वीतभर उंच ठेवलं आणि रोप त्या उंचवट्यावर लावलं. पहिल्या पावसाला नाही लावलं. जूनचा पहिला पाऊस आमच्याकडे फसवा असतो. तो येतो, आणि मग दोन-दोन आठवडे दडी मारतो. जुलैत दोन चांगले पाऊस झाले, माती हाताला न चिकटता तिचा लाडू वळता येऊ लागला, तेव्हा लावलं.

पाणी देण्याची सोय तात्यांनी सुचवली. आमच्या भागात ठिबकची नळी जोडता न येणारा माणूस विरळा, त्यामुळे साहित्य आणि हात दोन्ही मिळाले. पाच फूट उंच लोखंडी घोडीवर 500 लिटरची टाकी, तिथून 16 मिलिमीटरची नळी, प्रत्येक झाडाला दोन ड्रिपर. टाकी फार उंच नाही म्हणून पाणी हळू टपकतं, ते बरंच आहे. माय गुरुवारी संध्याकाळी तोटी उघडते, शुक्रवारी सकाळी बंद करते. रात्रभरात प्रत्येक झाडाला 30-35 लिटर मिळतं. रोज मग्गाभर पाणी घातलं तर मुळं वरच्या वितीतच रेंगाळतात आणि पहिल्याच मेमध्ये भाजतात. आठवड्यातून एकदा खोलवर भिजवलं की ती पाण्यामागे खाली जातात. बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, ड्रिपर तुंबतात. मी गेले की नळीच्या टोकाची टोपी काढून पाणी जोरात सोडते, पांढरी भुकटी बाहेर येते, झालं. महिन्याचं माझं काम एवढंच.

वाटेला मी सर्वात जास्त दिवस दिले, कारण मायची काठी तिथे टेकायची होती. नुसती काळ्या मातीवर फरशी बसवली तर दोन पावसाळ्यांत ती होडीसारखी डुलू लागते. चार फूट रुंदीची पट्टी फूटभर खोल खणून माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून थरथर धुमसला आणि वर शहाबादी फरशी बसवली, घासून गुळगुळीत न केलेली. दोन फरश्यांच्या मध्ये बोटभर सांध. वाट दारातून निघते, धुण्याच्या दगडावरून, कपड्यांच्या दोरीवरून, टाकीच्या तोटीपाशी जाते आणि वळसा घालून परत दाराशी येते. कुठेही पायरी नाही. कुठेही मागे वळावं लागत नाही. चार फूट अशासाठी की एके दिवशी कदाचित चाकाची खुर्ची येईल. हे कारण मी मायला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. गवंड्याला मात्र तिनं दोनदा मोजायला लावलं.

गच्चीचं पाणी आता पाइपनं भिंतीपासून 12 फूट दूर नेऊन कोरड्या फडातल्या लांब चरात सोडलं आहे.

आणि लव्हाळा. त्याच्याशी माझं खरं वैर आहे. पहिल्या पावसाळ्यात मी बसून एक पात मुळासकट काढायला गेले. पात हातात आली. खुरप्यानं उकरलं तर खाली काळी गाठ, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. गाठीतून दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. हात-दीड हाताच्या तुकड्यात 17 गाठी निघाल्या. वरून उपटलं की खालच्या गाठी जाग्या होतात, त्यामुळे उपटत राहणं म्हणजे त्याला वाढवणंच. त्याला सावली सहन होत नाही, एवढा एकच धागा हाती लागला. म्हणून कोरड्या फडात झाडांच्या मध्ये जिथे जिथे माती दिसत होती तिथे आच्छादन घातलं. ते विकत आणायची गरज नव्हती. ओळखीच्या मळ्यातून केळीची वाळकी पानं आली, तात्यांकडून गव्हाचं काड आणि बारीक तोडलेल्या पऱ्हाट्या. चार बोटं जाड थर, झाडाच्या बुंध्याला मात्र वीतभर मोकळं, कारण ओलं काड बुंध्याला चिकटलं की उधई येते. लव्हाळा संपला नाही, पण कमी होत चालला आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं: झाडांची पानं आता या थरावरच पडतात आणि तिथेच राहतात. झाडणं हे मागल्या दाराचं सर्वात मोठं काम होतं. वाट आणि ओटा सोडला तर आता झाडायला काही उरलेलं नाही. पहिले काही दिवस मायला ते पाहवत नव्हतं. पाचोळा पडलेलं अंगण म्हणजे घरात कुणी नसल्याची खूण, अशा पिढीतली ती आहे. तिनं एकदा माझ्या पाठीमागे अर्धा फड झाडून काढला आणि रात्री गुडघे शेकत बसली. मी रागावले नाही. सकाळी तिच्यासमोर पाचोळ्याचा थर हातानं बाजूला केला. खाली माती काळीशार, ओलसर, आणि दोन गांडुळं. माय वाकून बराच वेळ पाहत राहिली. तेव्हापासून झाडू ओट्याच्या खाली उतरला नाही.

सगळा आराखडा कागदावर पक्का झाला त्या रात्री तिनं तो चष्मा लावून पाहिला, बोटानं तिन्ही फड फिरून आली आणि विचारलं, "नि भरीतना वांगा?"

मी म्हटलं, माय, भाजी म्हणजे रोजचं काम. आळं, पाणी, कीड, तोडणी. आपण हे सगळं कमी करायलाच बसलो आहोत. ती काही बोलली नाही. कागद घडी करून परत दिला. नंतर अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कामं मोजत होते आणि कुठलं काम कुणाला हवं आहे हे मोजलंच नव्हतं. कुंड्यांना पाणी घालणं तिला नको होतं. झाडणंही नको होतं, सवय होती एवढंच. वांगी तिला हवी होती. बामणोदकडची ती हिरवी, पांढरट रेघांची मोठी वांगी. 2016 मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरातलं ते कात्रण तिनं जपून ठेवलं होतं. पावसाळ्यात रोप लावायचं, थंडीत वांगी उतरवायची, पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात. तिच्या हातच्या भरतासाठी माणसं हिवाळ्यात आमच्या घरी निमित्त काढून येत.

मग मधल्या फडात, ओट्याला लागून, एक वाफा केला. सहा रोपांचा. कमरेपेक्षा कमी उंचीच्या विटांच्या कट्ट्याचा, म्हणजे माय ओट्याच्या कडेला बसूनच त्यात हात घालू शकते. रोपं सहाच, कारण सहा रोपांना एका बादलीत भागतं. पहिल्या हिवाळ्यात फुलं आली तेव्हा तिचा फोन रात्री साडेदहाला आला. ती कधी एवढ्या उशिरा जागी नसते.

कडुनिंबाची सावली यायला वेळ लागेल, तोवर काय, हाही प्रश्न होता. ओट्यापुढे चार लोखंडी पाइप रोवून मांडव घातला. पावसाळ्यात त्यावर गिलक्याचा वेल चढतो, एका कोपऱ्यात मधुमालती आहे ती दोन वर्षांत वर पोचली. एप्रिल-मेमध्ये वर तुरीच्या काड्या टाकतो. हे सगळं तात्पुरतं आहे आणि तात्पुरतं म्हणूनच केलं आहे.

या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी गेले. खान्देशात अखाजीला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात. आमचा कडुनिंब माझ्या डोक्याच्या थोडा वर गेला आहे, मनगटाएवढा जाड. त्याला झोका बांधायला अजून बरीच वर्षं आहेत. मायनं झोका मांडवाच्या पाइपाला बांधून घेतला होता, भाचीसाठी. मागचं दार सताड उघडं होतं.

दुपारी मी एक पऱ्हाटी घेऊन कोरड्या फडात गेले आणि काड बाजूला करून भेग शोधली. भेग होती. पऱ्हाटी चार बोटं आत गेली आणि अडली. तशीच बाहेर काढली, मातीचा कण तिला चिकटून आला होता, ओला.

नैऋत्येचा कोपरा आम्ही मोकळा ठेवला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो की तिथे काहीतरी लावायचं राहिलं का. तिथून डिसेंबरात साडेचार वाजता ऊन येतं आणि थेट ओट्यावर, बाजेवर, मायच्या पायांवर पडतं. मी पाहिलं आहे. ती पाय लांब करते, लुगड्याचा काठ गुडघ्यांवरून थोडा सरकवते आणि डोळे मिटते.